आधी वजन, मग नाव

माणसाला नाव विचारण्याआधी ते त्याचं वजन विचारत. नागपुरात सदर भागातल्या आमच्या ऑफिसात मी पहिल्या दिवशी पाऊल टाकलं, तेव्हा काउंटरमागून, चष्म्याच्या वरून माझ्याकडे एकदा बघून ते म्हणाले, "शेहेचाळीस."

मला वाटलं, हा कुठल्या तरी खोलीचा नंबर असेल. मी खोली शोधायला लागले. मागून भाऊराव लोडर हसला. "बाई, खोली नाही. तुमचं वजन सांगून राहिले काकाजी."

पुढचे दोन दिवस मी मागच्या दाराने ये-जा केली.

ऑफिस विमानाच्या तिकिटांचं होतं. कुठल्या कंपनीचं ते लिहीत नाही. त्या काळी देशातलं विमान म्हणजे सरकारचंच विमान, त्यामुळे निवड करायचा प्रश्नच नव्हता. कुठून कुठे, किती वाजता, किती माणसं घेऊन उडायचं हे दिल्लीत ठरायचं. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत सरकारच्या मनात आलं की लहान गावांनाही विमान मिळावं. तोटा सरकार सोसणार होतं. त्यातलं एक लहान विमान नागपूरच्या वाट्याला आलं. ते आठवड्यातून तीनदा सोनेगावच्या विमानतळावरून उडून जंगलपट्टीतल्या एका गावाला जाई आणि लगेच परत येई. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या लोकांची आमच्या ऑफिसात पुरेशी थट्टा झाली आहे. एसटीने तिथे जायला अख्खा दिवस लागे, आणि पावसाळ्यात नाले चढले की रस्ता चार-चार दिवस बंद. विमानाने पाऊण तास.

हा सेक्टर, म्हणजे हा विमानमार्ग, काकाजींकडे होता. विमान अठरा सीटांचं. इतक्या लहान विमानात तोल सांभाळावा लागतो, म्हणून सामानाबरोबर माणसाचंही वजन करायचा नियम होता. दुसरा कुणी असता तर अंदाजाने साठ-पासष्ट लिहून मोकळा झाला असता. फेरीच्या सकाळी विमानतळावर काकाजी प्रत्येकाला काट्यावर उभं करत. चपला काढायला लावत. खिशातली नाणी, किल्ल्या, पानाचा डबा बाजूला ठेवायला लावत आणि मग ते सगळं पुन्हा खिशात घालायला लावून दुसऱ्यांदा वजन करत, कारण माणूस खिशासकटच उडणार होता.

"मंग पयल्यांदा काढलं कायले, काकाजी?" भाऊराव विचारी.

"माणूस किती अन् लोखंड किती, हे माहीत पाह्यजे गा आपल्याले."

वजन ओळखायची त्यांची नजर अचाट होती. जेवणाच्या सुट्टीत दारात उभे राहून ते रस्त्याने जाणाऱ्यांची वजनं सांगत. "बहात्तर. थैलीसकट अठ्ठ्याहत्तर." संत्रेवाल्याच्या टोपलीकडे बघून, "बावीस, अन् खालचे चार सडके." उन्हाळ्यातही अंगात काळा कोट. खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. डब्यात रोज भाकर आणि काहीतरी झणझणीत. ते खाताना कुणी ग्राहक आला तर घास हातात धरूनच विचारत, "वजन?" टेबलाच्या काचेखाली बुद्धाचं एक लहान रंगीत चित्र होतं, आणि त्याच्या शेजारी विमानाच्या अठरा सीटांचा त्यांनी हाताने काढलेला नकाशा.

"खोटं बोलणारा माणूस वजन कमीच सांगते," ते म्हणत. "अन् साहेब लोक सांगतच नाही. त्यायचं वजन त्यायचा पीए सांगते."

मला तिथे ठेवलं होतं ते इंग्रजीसाठी. शाळा, कॉलेज सगळं इंग्रजीतून. धरमपेठच्या आमच्या घरात मराठी बोलली जाई ती स्वयंपाकघरापुरती. दिल्लीचे टेलेक्स वाचायचे, पत्रं लिहायची, अहवाल टाइप करायचे. टेलेक्स म्हणजे तारेने येणारा टाइप केलेला निरोप. आमचं यंत्र कोपऱ्यात खडखडत असायचं. बोलायचं काम नव्हतं, म्हणून नोकरी मला आवडली. मी मान खाली घालून बसे आणि बघत राही. बघितलं की राग येतो, हे मला तिथे कळलं.

अठरा सीटांपैकी पुढच्या नऊ कोट्याच्या होत्या. मंत्री, आमदार, बडे अधिकारी यांच्यासाठी राखून ठेवलेल्या. कुणी येणार नसेल तर दिल्लीहून टेलेक्स यायचा की सीटा सोडल्या, आता लोकांना द्या. विमान सुटायचं साडेनऊला. दिल्लीतलं ते टेबल उघडायचं दहाला.

हे वाक्य मी पुन्हा लिहिणार नाही. पण वाचणाऱ्याने हवं तर पुन्हा वाचावं.

विमान उडून गेल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने आमचं यंत्र खडखडायचं: नऊ सीटा सोडल्या आहेत. हे सगळ्यांना माहीत होतं. आमच्या साहेबांना माहीत होतं, दिल्लीला माहीत होतं. विमान तासभर उशिरा सोडा, असं काकाजींच्या सांगण्यावरून मीच दोनदा इंग्रजीत लिहिलं. उत्तर आलं की वेळापत्रक मंजूर झालेलं आहे. मग टेबल तासभर लवकर उघडा, असं लिहिलं. त्याला उत्तर आलं नाही.

आता याचा परिणाम बघा. पुढच्या नऊ सीटा रिकाम्या, मागच्या नऊ भरलेल्या, म्हणून विमानाची शेपटी जड. उतारूंना पुढे बसवायची परवानगी नाही, कारण कोटा. मग तोल साधायला पुढच्या दोन सीटांवर वाळूची पोती ठेवायची आणि त्यांना पट्टे बांधायचे. भाऊराव ती पोती खांद्यावरून न्यायचा, आणि कुंपणाला धरून वेटिंग लिस्टवरची माणसं ते बघत उभी असायची.

एकदा काकाजींनी त्या पोत्यांची रीतसर बोर्डिंग कार्डं केली. नावाच्या जागी 'वाळू', वजन पन्नास किलो, कोटा. त्यावरून त्यांना मेमो मिळाला. मेमो इंग्रजीत होता, मी तो त्यांना मराठीत वाचून दाखवला. ऐकून ते म्हणाले, "बोर्डिंग कार्ड दिलं म्हणून मेमो. सीट दिली म्हणून नाही नं?"

दिल्लीला दर महिन्याला एक छापील फॉर्म भरून पाठवायचा. त्यात 'किती उतारू गेले' असा रकाना होता. किती परत पाठवले, असा रकाना नव्हता. काकाजींनी तो लाल पेनाने आखला. फॉर्म परत आला: विहित नमुन्यातच माहिती द्यावी. पुढच्या महिन्यात त्यांनी पुन्हा आखला. पुन्हा परत. असं तीनदा झाल्यावर त्यांनी स्वतःचं एक लांबट रजिस्टर घातलं. ज्याला सीट मिळाली नाही त्याला काट्यावर उभं करायचं आणि लिहायचं: वजन, मग नाव-पत्ता, मग कशासाठी जायचं होतं.

मी मराठी वाचायला खरी शिकले ती त्या रजिस्टरावर. सुरुवातीला बोट ठेवून. 'अठ्ठावन्न किलो, नर्सबाई, रजा संपली.' 'एकसष्ट किलो, भावाची मयत.' 'चौपन्न किलो, कोर्टाची तारीख.' 'एकोणचाळीस किलो, बारावीचा पेपर.'

"जाणारच नाही त्याचं वजन कशाला करता?" एकदा मी धीर करून विचारलं.

"काहून नाही करायचं? गेला नाही म्हणून त्याचं वजन कमी झालं का?"

मग बराच वेळ ते डब्यातली भाकर मोडत राहिले. मोडली, पण खाल्ली नाही.

"मी सांगतो तुले. आमचं घर छप्पन साली बौद्ध झालं. त्याच्या पयलेची गोष्ट. माया बापाले गावात विहिरीच्या कडेले उभं ठेवत. हात लावायचा नाही. कोणी वरून पाणी टाकलं तर घ्यायचं. 'थांब, आमचं होऊ दे, उरलं तर देऊ.' बाप गाव सोडून इथं गिरणीत आला, तो ह्या एका वाक्यासाठी आला. अन् आता मी रोज सकाळी कोट घालून तेच म्हणतो. थांबा बाप्पा, उरलं तर देऊ."

हे त्यांनी एकदाच सांगितलं.

त्या रजिस्टरात एका गुरुजींचं नाव तीनदा होतं. त्या गावातल्या शाळेत शिकवत. पत्नीला ऑपरेशनसाठी नागपूरला आणलं होतं; टाके ओले होते, एसटीचे धक्के तिला सोसणार नव्हते, म्हणून विमान हवं होतं. आठवड्यात तिन्ही फेऱ्यांना ते तिला घेऊन सोनेगावला आले. मागच्या नऊ सीटा आधीच गेलेल्या. पुढच्या नऊ रिकाम्या. तिसऱ्या दिवशी त्या काट्यावर उभ्या राहिल्या तेव्हा काकाजींनी आकडा मोठ्याने वाचला नाही. रजिस्टरात अडतीस लिहिलं. गुरुजी म्हणाले, "काही हरकत नाही, आम्ही एसटीने जातो." लोक इतक्या सौजन्याने का बोलतात, मला कळत नाही. मी तेव्हा तिथेच, काकाजींच्या मदतीला, कागद घेऊन उभी होते.

सरकारने तोटा सोसायचं ठरवलं होतं, पण एक अट घातली होती. अठरापैकी सरासरी बारा सीटा भरल्या नाहीत, तर सेक्टर बंद. विकायला नऊ आणि भरायला बारा. ही वजाबाकी चौथीत शिकवतात. दिल्लीत ती कुणी केली नाही; किंवा केली आणि उत्तर आवडलं.

वर्षअखेरीचा अहवाल साहेबांनी मला सांगून टाइप करायला लावला. सरासरी उतारू नऊ. कारणाच्या रकान्यात ते म्हणाले, "लिहा, देअर इज नो पब्लिक डिमांड ऑन धिस सेक्टर." मी टाइप केलं. टाइपरायटरवर माझी बोटं थांबली का? नाही. स्वच्छ, एकही चूक नसलेलं वाक्य होतं ते. साहेबांनी माझ्या इंग्रजीची तारीफ केली. खाली टाइप करणारीची म्हणून माझी आद्याक्षरं.

संध्याकाळी काकाजी ती कार्बन कॉपी घेऊन माझ्या टेबलाशी आले. "हे काय लिहिलं, वाचून दाखव वं."

मी इंग्रजीत वाचलं.

"मराठीत सांग."

"या मार्गाला... लोकांची मागणी नाही."

त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला, अगदी हळू, त्याला काही लागेल अशा बेताने. "टायपिंग बाकी साफ हाय तुयं," म्हणाले आणि गेले. मला त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पाहणीला दिल्लीहून अधिकारी येणार असं कळलं. तारीख ठरली होती, पावसाळा संपला होता. काकाजींनी रजिस्टरातले पत्ते काढून पोस्टकार्डं लिहिली. घरी बसून, स्वतःच्या पैशाने. मजकूर इतकाच: 'अमुक तारखेला सकाळी आठ वाजता सोनेगाव विमानतळावर या. सीट मिळेल असं सांगत नाही. पण या.'

लोक आले. कुणी आदल्या दिवशीच एसटीने नागपूर गाठलं होतं, कुणी इथेच हिंगण्याला कारखान्यात कामाला होतं आणि पाळी बदलून आलं होतं. नऊ तिकीटवाले सोडले, तरी एकोणीस जण उरत होते. ट्रंका, पिशव्या, एका बाईच्या हातात रोपांची टोपली. गुरुजीही आले होते. एकटेच.

"बाई?" काकाजींनी विचारलं.

"आषाढात गेली," गुरुजी म्हणाले. "आता एकाच सीटचं काम आहे."

नऊ वाजता दिल्लीचे अधिकारी आमच्या साहेबांबरोबर आले. पांढरा सफारी सूट, हातात कातडी बॅग. कोट्यातल्या एका सीटवर बसून ते सेक्टर पाहून येणार होते. साहेब त्यांना थेट विमानाकडे नेत होते, तेवढ्यात काकाजी आडवे आले.

"साहेब, पयले वजन."

साहेबांचा चेहरा उतरला. पण नियम लेखी होता. अधिकारी हसत काट्यावर चढले. "ब्याऐंशी," काकाजी म्हणाले. "बॅगसकट शहाऐंशी." आणि ते उतरायच्या आत वळून हाक मारली, "चला, या बाप्पा एकेक."

एकोणीस माणसं रांगेत उभी राहिली. प्रत्येकाने चपला काढल्या. काकाजी खणखणीत आवाजात वजन वाचत, नाव वाचत, काम वाचत आणि प्रत्येकानंतर एकच वाक्य म्हणत. "अठ्ठावन्न किलो, नर्सबाई, ड्युटीवर जायचं हाय. यांची मागणी नाही." "त्रेसष्ट किलो, शेतीच्या कागदासाठी. याची मागणी नाही." लोकांना आधी कळेना, मग रांगेतून हसू फुटलं, मग हसू थांबलं. रोपांच्या टोपलीवाली बाई काट्यावर चढताना म्हणाली, "टोपली धरू का ठेवू, काकाजी?"

"धर वं. तिची बी मागणी नाही."

गुरुजींच्या पाळीला ते जरा थांबले. "बावन्न किलो. मागच्या खेपेले नव्वद होते, दोघं मिळून." पुढचं वाक्य त्यांनी म्हटलं नाही.

अधिकाऱ्यांनी साहेबांकडे बघितलं. "ये सब लोग कौन हैं?"

"सर, इन्होंने चिट्ठी लिखके बुलाए हैं."

"अच्छा, बुलाए हैं." त्यांचा चेहरा खुलला. "बुलाए हुए लोग डिमांड नहीं होते, भाई. टाइम क्या हुआ?"

साडेनऊ झाले होते. मागे नऊ उतारू बसले. पुढे अधिकारी बसले. त्यांच्या शेजारच्या सीटवर भाऊरावने वाळूचं पोतं ठेवलं, पट्टा बांधला आणि विमानातून उतरताना त्या पोत्याला नमस्कार केला. आठ कोट्याच्या सीटांवर एकही माणूस नव्हता. विमान उडालं. एकोणीस जणांनी चपला घातल्या आणि एसटी स्टँडकडे जायला रिक्षा शोधायला लागले. सव्वादहाला फोनवरून ऑफिसातून निरोप आला की टेलेक्स आला आहे, सीटा सोडल्या आहेत.

अधिकाऱ्यांच्या अहवालात माझं वाक्य जसंच्या तसं होतं. अवतरणचिन्हात. माझं इंग्रजी दिल्लीलाही पसंत पडलं होतं.

दोन महिन्यांत सेक्टर बंद झाला. वाळूची पोती भाऊरावने कुंपणापाशी रिकामी केली. काकाजींची बदली सामानाच्या गोदामात झाली. तिथे माणसांची वजनं करायची नसतात. काउंटरवरचं आवरताना त्यांनी ते लांबट रजिस्टर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलं, सुतळी बांधली आणि माझ्या टेबलावर ठेवलं.

"हे दिल्लीले पाठवायचं हाय. हेड ऑफिसले. पावती भरून दे."

"ते परत पाठवतील, काकाजी. विहित नमुन्यात नाही म्हणून."

"पाठवू दे. पण एकदा त्यायच्या हातात पडू दे."

ऑफिसच्या पार्सलाची छापील पावती असे, कार्बन घातलेली. कुठून, कुणाला, आत काय, किती नग, वजन. पलीकडे मिळालं की तिथला माणूस एका प्रतीवर सही-शिक्का करून परत पाठवी.

"आत काय लिहू?" मी विचारलं.

"जुने कागद लिही. नाहीतर साहेब अडवीन."

मी पेन उचललं. शाळेत नन्सनी घटवून घेतलेल्या अक्षरात, सावकाश, आतल्या मालाच्या रकान्यात लिहिलं: पब्लिक डिमांड. नग एक.

"काय लिहिलं वं?"

मी सांगितलं. मराठीत सांगितलं.

त्यांनी पार्सल उचललं, काट्यावर ठेवलं, चष्मा पुसला, काटा स्थिर होईपर्यंत थांबले. मग सुतळीचं लोंबतं टोक वर धरून पुन्हा एकदा बघितलं. "दोन किलो तीनशे," म्हणाले. "लिही."

साहेबांनी न वाचताच सही केली. इंग्रजी माझं होतं, ते चांगलंच असणार.

तीन आठवड्यांनी पावती परत आली. मी ती घेऊन गोदामात गेले. काकाजी खोक्यांच्या मध्ये कोट घालून बसले होते. त्यांनी काच तेवढी सोबत आणली होती, तिच्याखाली बुद्धाचं चित्र आणि अठरा सीटांचा नकाशा.

"काय म्हणते दिल्ली?"

मी वाचलं. पब्लिक डिमांड, एक नग, सुस्थितीत मिळाली. खाली सही, गोल शिक्का.

"आणखी एकदा वाच."

मी वाचलं. त्यांनी पावती हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि इंग्रजी येत नसूनही त्यांचं बोट बरोबर एका रकान्यावर जाऊन थांबलं. पोचल्यावर पुन्हा वजन करून आकडा तिथे लिहायचा असतो. तो रकाना कोरा होता.

"पाह्य," काकाजी म्हणाले. "सही केली. काट्यावर नाही ठेवलं."